ब्राखा म्हणण्याआधीचा एक श्वास

यरुशलेमी तालमूदात एक मजेशीर जागा आहे. मोठमोठे रब्बी आपसांत कबुली देत बसलेत, की प्रार्थनेत आमचं चित्त काही ठरत नाही. शमुएल सांगतात, आपण प्रार्थना करता करता पिल्लं मोजत होतो. रब्बी बून बार हिय्या भिंतीतले थर मोजत होते. रब्बी मत्तनिया तर आपल्या डोक्याचे आभार मानतात. 'मोदीम'ची, म्हणजे वाकून आभार मानायची, जागा आली की ते आपलं आपण वाकतं, धनी घरात असो नसो. यहुदी धर्मचर्चेचा हा ग्रंथ सोळाशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा मोबाइल नव्हता, पण पिल्लं होतीच.

मी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये लहानाचा मोठा झालो. १८७९ साली बांधलेलं 'शार हाशामाईम', स्वर्गाचं द्वार. त्या द्वारात बसून मी पंख्याची पाती मोजली आहेत, पुढच्या बाकावरच्या काकांच्या शर्टाच्या चौकडी मोजल्या आहेत. हिब्रू तोंडपाठ होतं, त्यामुळे तोंडाला माझी गरज नव्हती. पन्नाशीपर्यंत हे असंच चाललं. मग ऑफिसने ताणतणावावर एक कार्यशाळा ठेवली आणि तिथे एका बेदाण्याने माझी फजिती केली.

शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. सांगितलं, हा पहिल्यांदाच पाहताय असं समजून बघा, वास घ्या, बोटांनी चाचपा, घाई करू नका. माझ्या तोंडून सवयीने झाडाच्या फळाची ब्राखा निघून गेली. ब्राखा म्हणजे खाण्यापिण्याआधी म्हणायचा छोटा स्तुतिमंत्र. आणि ब्राखा म्हटली की मध्ये न थांबता लगेच खायचं, हा आमच्याकडचा नियम. मी बेदाणा तोंडात टाकला. बाकीचे वीसजण आपापल्या बेदाण्याच्या सुरकुत्या न्याहाळत होते आणि माझा केव्हाच गिळून झाला होता. बाईंनी दुसरा दिला. या वेळी मी आधी पाहिलं. देठाची बारीक खूण पाहिली, उजेडात धरून आतला मधासारखा रंग पाहिला. मग ब्राखा म्हटली आणि मग खाल्ला. त्या ब्राखेतला 'झाड' हा शब्द मला ऐकू आला. आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच.

या लेखात जे सांगायचं आहे ते त्या दुसऱ्या बेदाण्यातच आहे. यहुदी जगण्यात थांबायच्या जागा जागोजाग आधीच बांधून ठेवलेल्या आहेत. ध्यानासाठी वेगळी खोली, वेगळी चटई, वेगळा गुरू शोधायच्या आधी त्या जागांवर खरोखर थांबून पाहा. तुम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी असाल, ठाण्या-मुंबईत असाल की इस्रायलातल्या दिमोना-अश्दोदला, तर हे लगेच करता येईल. नसाल, तर शेजारच्या घरात काय चालतं ते तरी कळेल.

ही बेदाण्याची युक्ती जॉन कबाट-झिन यांच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून जगभर पोचली. त्यांनी तो १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत सुरू केला, दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी. कबाट-झिन यहुदी घरातले. अमेरिकेत सजग ध्यान रुजवणारे जोसेफ गोल्डस्टीन, शेरॉन साल्झबर्ग, सिल्व्हिया बूरस्टीन हेही यहुदी घरांतलेच. पहिले दोघे तर तरुणपणी बोधगयेला येऊन शिकले. म्हणजे आमचीच मुलं बुद्धाच्या अंगणात बसायला शिकली आणि घरी येऊन विचारू लागली, आपल्याकडे असं काही नाही का? आहे. आर्ये कॅप्लन या रब्बींचं यहुदी ध्यानावरचं साध्या भाषेतलं पुस्तक १९८५मध्ये निघालं, ते याच प्रश्नाला उत्तर म्हणून असं म्हणायला हरकत नाही.

फरक मात्र आधीच नीट समजून घ्या, नाहीतर पुढे गोंधळ होतो. सजग ध्यानात जे येईल ते पाहायचं असतं, कोणाला उद्देशून काही म्हणायचं नसतं. यहुदी प्रार्थनेत समोर कोणीतरी आहे. तिथे लक्षाला 'कव्वाना' म्हणतात आणि त्या शब्दाच्या धातूत रोख धरण्याचा, दिशा देण्याचा अर्थ आहे. लक्ष नुसतं जागं असून भागत नाही, ते कुठेतरी वळलेलं असावं लागतं. म्हणून श्वास पाहणं ही आपल्याकडे ओसरी आहे. ओसरीवर बसायला छान वाटतं, पण घर आत आहे. हिब्रूत श्वासाला 'नेशिमा' आणि आत्म्याला 'नेशामा' म्हणतात, आणि प्रत्येक श्वासागणिक कर्त्याची स्तुती करावी असं मिद्राशात, म्हणजे शास्त्रवचनांवरच्या जुन्या भाष्यात, सांगितलंय. तेव्हा ओसरीही परकी नाही.

एकच ब्राखा धरा

रब्बी मेयर यांनी दिवसाला शंभर ब्राखा सांगितल्या आहेत. शंभरच्या शंभर जागेपणी म्हणायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. मी पाहिलंय, मी तेच केलं होतं. एकच निवडा. आठवडाभर फक्त तीच. चहाची असेल तर चहाची.

क्रम असा ठेवा. कप हातात घ्या आणि तोंडाला लावू नका. एक श्वास पूर्ण आत, पूर्ण बाहेर. वाफ, आल्याचा वास, कानाचा चटका, जे असेल ते. मग ब्राखा, प्रत्येक शब्द सुटा. आणि मग ताबडतोब घोट. लक्ष ब्राखेच्या आधी द्यायचं, ब्राखा आणि घोट यांच्यामध्ये नाही. माझ्या पहिल्या बेदाण्याची चूक उलट बाजूने करू नका. ब्राखा म्हणून झाल्यावर कपाकडे टक लावून बसणं नियमातही बसत नाही आणि चहाही निवतो.

फळांच्या ब्राखेत तर गंमतच आहे. झाडाच्या फळाला एक ब्राखा, जमिनीतून येणाऱ्याला दुसरी. आंबा झाडाचा. केळं मात्र जमिनीचं! कारण केळीला खरं खोड नसतं, आणि घड उतरवला की केळ तोडतात, पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरा घड येत नाही. कोकणातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हे माहीत असतं. पण शहरात सोललेलं केळं हातात धरलेल्या माणसाला बरोबर ब्राखा म्हणायची तर एक क्षण वाडीत जाऊन यावं लागतं, हे कसं वाढलं, कुठून आलं ते आठवावं लागतं. सजगतेचा याहून चांगला पाठ मला कुठल्या कार्यशाळेत मिळालेला नाही.

मलिद्याचं, म्हणजे आमच्या आभाराच्या विधीचं, ताट समोर आलं की हे सगळं एका ठिकाणी करायला मिळतं. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळं. एलियाहू हनाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाहूचं, नाव घेऊन एकेका जिन्नसावर ब्राखा म्हणतात. बहुतेक घरांत या वेळी पोरं ताटावर डोळा ठेवून असतात आणि मोठी माणसं फोनवर. पुढच्या मलिद्याला एवढंच करा: प्रत्येक फळ उचलणाऱ्याने ते ब्राखेपूर्वी एक श्वासभर नुसतं हातात धरावं. पाच फळांना मिळून मिनिटभर जास्त लागतं. पोरं कुरकुर करतील, करू द्या.

एलियाहूचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एक खूण दाखवतात, तिथे त्याच्या रथाच्या घोड्याची टाप उमटली असं आम्ही मानतो. नवस बोलायला लोक अजून जातात. आमच्या मनात त्याचा रथच ठसलेला. पण राजांच्या ग्रंथात त्याला डोंगरावर परमेश्वर भेटतो तो वाऱ्यात नाही, भूकंपात नाही, आगीत नाही. त्या सगळ्यानंतरच्या अगदी बारीक, जवळजवळ निःशब्द आवाजात भेटतो. खंडाळ्याला गेलात तर नारळ-फुलं झाल्यावर पाच मिनिटं त्या खडकापाशी गप्प बसा.

न्हाणीघरातली ब्राखा

याबद्दल बोलायला लोक लाजतात, म्हणून मुद्दाम बोलतो. शौचालयातून बाहेर येऊन हात धुतल्यावर म्हणायची एक ब्राखा आहे, 'अशेर यात्सार'. तालमूदात ती अबाये यांच्या नावावर आहे. देवाने माणसाचं शरीर शहाणपणाने घडवलं, त्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्या, त्यातलं एक जरी बंद पडलं किंवा फुटलं तरी माणूस उभा राहू शकणार नाही, असा तिचा आशय. आजकाल ध्यानवर्गात आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत शरीराकडे लक्ष द्यायला शिकवतात. त्याची ही दिवसातून पाच-सहा वेळा होणारी लहान आवृत्ती.

वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा कॅथेटर निघालं त्या सकाळी मी सोबतीला होतो. ते भिंत धरत बाहेर आले, वॉर्डातल्या बेसिनपाशी हात धुतले, सदऱ्यालाच पुसले आणि ती ब्राखा म्हणू लागले. पाऊण मिनिटाची ब्राखा. त्यांना तीन मिनिटं लागली. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी मला खुणेने विचारलं, बाबांना त्रास होतोय का? मी नाही म्हटलं.

तुम्हाला अशी वेळ यायची वाट बघू नका. हात धुताना पाण्याचा गारवा घ्या, पायांचे दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले जाणवू द्या आणि मग सुरुवात करा.

सकाळच्या 'मोदे आनी'बद्दल थोडक्यात. डोळे उघडताच, हात धुण्याआधी म्हणायची ही ओळ. तिच्यात देवाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, म्हणून अंथरुणातच म्हणता येते. तिचा क्रम पाहा: 'आभारी' आधी येतं, 'मी' नंतर. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढीच यातली खरी साधना. आणि दाराच्या चौकटीवरचा मेझुझा, आत शास्त्रवचन ठेवलेली डबी. त्याला बोटं लावून ती ओठांना लावतो आपण, पण चावी शोधत आणि दूधवाल्याचा हिशोब करत. बोटं लागली की उंबरठ्यावर एक श्वास. ऑफिस त्या बाजूला, घर या बाजूला. बायको म्हणते, तुम्ही हल्ली घरात येता तेव्हा आलेले असता.

प्रार्थनेआधी बसणं

मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात पूर्वीच्या भक्तिमान लोकांचं वर्णन आहे. ते प्रार्थनेला उभं राहण्याआधी तासभर थांबत, चित्त देवाकडे वळावं म्हणून. तालमूद पुढे हिशोब मांडतो: आधी एक तास, प्रार्थनेला एक तास, नंतर एक तास, अशा दिवसाला तीन प्रार्थना, म्हणजे नऊ तास झाले, मग यांनी अभ्यास कधी केला आणि पोटापाण्याचं काय? प्रश्न अगदी ठाणेकराचा आहे. आपण दहा मिनिटं धरू.

आमच्याकडे ती आयती मिळतात. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात आणि बहुतेकदा नऊ असतात. कोकणातल्या सिनेगॉगमध्ये तर हे रोजचंच. कुटुंबं मुंबईला गेली, १९४८नंतर इस्रायलला गेली, आणि सणावारी दहाजण पुरे करायला माणसं बाहेरून आणावी लागतात. माणसांना आकड्यांनी मोजायचं नसतं, म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणत एकेका डोक्याला एकेक शब्द लावतात. शेवटचा शब्द उरतो. मग गप्पा सुरू होतात: कोणाची मुलगी लोदला गेली, सोसायटीचं पाणी आलं का, क्रिकेट. मीही त्यातलाच. आता दहावा येईपर्यंत मी सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, मिटून मांडीवर ठेवतो.

काय करायचं याची रीत मी पियासेच्नोचे रब्बी कलोनिमस काल्मन शापिरा यांच्याकडून घेतली. वॉर्साजवळच्या गावातले हसिदी गुरू, मुलांना शिकवण्यात आयुष्य घातलेले. वॉर्साच्या घेट्टोत त्यांनी प्रवचनं चालू ठेवली, ती लिहून जमिनीत पुरून ठेवली, आणि १९४३मध्ये ते नाझींच्या हातून मारले गेले. कागद युद्धानंतर सापडले. घेट्टोच्या आधी, १९३०च्या दशकात, त्यांनी शिष्यांना 'हश्काता' शिकवली होती. हश्काता म्हणजे शांतवणं. पाटातलं पाणी पाहावं तसं आपल्या विचारांकडे पाहत बसायचं. अडवायचं नाही, ढकलायचं नाही, 'हा विचार कशाला आला' असा जाब विचारायचा नाही. थोड्या वेळाने ओघ मंदावतो. त्या मंदावलेल्या पाण्यात एकच पवित्र वचन किंवा एकच विचार सोडायचा आणि त्याच्यासोबत राहायचं. मग देवाकडे काही मागायचं असेल तर तेव्हा मागायचं: श्रद्धा, प्रेम, धीर.

यातली शेवटची पायरी गाळू नका. ती गाळली की उरतं ते मन हलकं करण्याचं तंत्र. तेही वाईट नाही, पण त्यासाठी सिनेगॉगच्या बाकावर बसायची गरज नव्हती.

विचार थांबत नाहीत अशी तक्रार प्रत्येकजण करतो. थांबवायचे नाहीतच. पिल्लं येणार. पिल्लू आलं की 'पिल्लू' म्हणायचं आणि परत यायचं. पाठ ताठ, पाय जमिनीला, डोळे मिटलेले किंवा भिंतीवरच्या शिविती पाटीवर. परमेश्वर सदैव समोर आहे या अर्थाचं स्तोत्रातलं वचन ज्यावर कोरलेलं असतं ती पाटी. बऱ्याच सिनेगॉगमध्ये असते आणि ती शोभेची म्हणून बनवलेली नव्हती.

मग अमिदाला, म्हणजे उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेला, उभं राहताना तीन पावलं पुढे टाकतो ना, ती मोजून टाका. एका पावलाला एक श्वास. पाय जोडून, यरुशलेमकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेकडे तोंड. सगळ्या एकोणीस ब्राखांत मन राहणार नाही. शुल्हान आरूख या सोळाव्या शतकातल्या नियमग्रंथालाही ते माहीत आहे. सगळीकडे कव्वाना जमत नसेल तर निदान पहिल्या ब्राखेत, पूर्वजांच्या ब्राखेत तरी असावी, असं त्यात सांगितलंय. मला ही सवलत फार मोठी वाटते. पहिलीच ब्राखा, पण ती पूर्ण. उरलेल्यांत पिल्लं मोजलीत तरी उद्या पुन्हा पहिली आहेच.

शेमा आणि रात्र

बेने इस्रायल कोकणात शतकानुशतकं बाकीच्या यहुदी जगापासून तुटून राहिले. हिब्रू विसरले, प्रार्थना विसरल्या. शनिवार, सुंता, खाण्याचे निर्बंध आणि शेमा, म्हणजे देव एकच आहे हे सांगणारं वचन, एवढं टिकलं. जन्म असो, लग्न असो, मरण असो, शेमाच म्हणायचे, कारण दुसरं येतच नव्हतं. यावर कधीकधी शहरी मंडळी हसतात. मला वाटतं, एकच मंत्र पिढ्यान्‌पिढ्या इतका घासलेल्या लोकांना ध्यान शिकवायला जाणं हे धाडसाचंच आहे.

रॅम्बाम, म्हणजे बाराव्या शतकातले मोशे मैमोनिदीस, यांनी आपल्या मोठ्या तत्त्वग्रंथाच्या शेवटाकडे अगदी शाळामास्तरासारखा अभ्यासक्रम दिलाय. आधी फक्त शेमा म्हणताना मन बाकी सगळ्यातून मोकळं करायला शिका. ते साधलं, आणि साधायला वर्षं लागतील, की मग तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाकडे, मग इतर ब्राखांकडे. घरखर्चाचे, शेताचे, शरीराचे विचार कधी करायचे, त्यालाही त्यांनी वेळ नेमून दिलीय: जेवताना, आंघोळीला, बायकोशी किंवा मुलांशी बोलताना. बायकोने या जागेला हरकत घेतली आहे आणि ती मला मान्य आहे.

झोपण्याआधीचा शेमा सरावाला उत्तम, कारण तिथे हाझ्झानची, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याची, घाई नसते. दिवा मालवा, अंथरुणावर बसा, उजवा हात डोळ्यांवर. पहिल्या ओळीत हिब्रूचे सहाच शब्द आहेत. एका श्वासाला एक शब्द, उच्छ्वासावर म्हणायचा. शेवटच्या शब्दातला 'द' जरा रेंगाळू द्या. तालमूदात ते रेंगाळणं आयुष्य वाढवणारं म्हटलंय. तोराच्या गुंडाळीत या ओळीतलं पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर मोठं लिहितात. ती दोन अक्षरं जोडली की 'साक्षी' हा शब्द होतो. यावर जास्त बोलत नाही, रात्री करून पाहा.

एक पथ्य इथेच सांगतो. देवाचं नाव सरावासाठी पुन्हा पुन्हा घेऊ नका. ब्राखाही 'जमली नाही, परत म्हणतो' असं करायचं नसतं, ती वाया गेलेली ब्राखा होते. जपासारखं काही हवं असेल तर ब्रेस्लोवचे रेब्बे नाहमान यांनी सांगितलेला उपाय आहे. नाहमान (१७७२ ते १८१०) शिष्यांना म्हणत, रोज तासभर एकट्याने, शक्य तर शेतामळ्यात जाऊन, देवाशी आपल्या बोलीत बोला. बोलायला काही सुचत नसेल तर 'रिबोनो शेल ओलाम' एवढंच म्हणत राहा. 'जगाच्या धन्या', असं मराठीत सहज म्हणता येतं. त्यांच्या शिष्यांची बोली यिद्दिश होती, आपली मराठी आहे. देवाच्या गोष्टी मराठीत करणं आपल्याला नवं नाही, बेने इस्रायलांनी १८८०च्या दशकात मराठी कीर्तनं सुरू केली होती. मी पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारतो तेव्हा मराठीतच बोलतो. पूर्वी लोक वेडा समजले असते, आता कानात इअरफोन असेल असं समजतात.

शुक्रवार संध्याकाळ

कोकणात आम्हाला 'शनिवार तेली' म्हणत. बाकीचे तेली इतर दिवशी घाणा थांबवत, आमचे शनिवारी. घाण्याच्या बैलाला थांबायची वेळ कळत नाही, त्याला सोडावं लागतं. माझ्या मनाबद्दल मी शुक्रवारी असाच विचार करतो.

दुपारी घरी काळ्या मनुका पाण्यात भिजलेल्या असतात. किद्दुशला, म्हणजे शुक्रवार रात्रीच्या पेल्यावरच्या ब्राखेला, आमच्याकडे द्राक्षाच्या दारूऐवजी त्यांचा शरबत. भिजून फुगलेल्या मनुका हाताने कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. बोटं जांभळी होतात आणि बिया तळाशी राहतात. आई हे करताना कोणाला बोलू देत नसे. तेव्हा वाटायचं, कामाची गडबड आहे म्हणून. आता हे काम मी माझ्याकडे घेतलंय आणि मीही बोलू देत नाही.

सूर्यास्ताआधी अठरा मिनिटं दिवे लावायची रीत आहे. मुंबई-ठाण्याला हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे लोकलचा हिशोब आधीच करा. धापा टाकत लावलेला दिवाही दिवाच असतो म्हणा. आई काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल घालून वात सोडायची. दिवा लागला की ताबडतोब उठू नका. तीन मिनिटं त्याच्यासमोर बसा. वात फडफडेल, काजळी धरेल, एका बाजूला कलेल. हात पुढे जाईल, ती जरा वर करावी म्हणून. करायची नाही! शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागला की वातीला हात लावायचा नसतो. यहुदी ध्यानातली मला माहीत असलेली सगळ्यात अवघड तीन मिनिटं हीच. काहीतरी बिघडतंय असं दिसतंय आणि आपण ते सुधारत नाही. उरलेले चोवीस तास याच तीन मिनिटांचा विस्तार आहेत: मेल, बातम्या, मुलाचा अभ्यास, नळाची गळती, सगळं आहे तसं.

जेवणाआधी हात धुऊन पावाची ब्राखा होईपर्यंत बोलायचं नसतं. चपाती असली तरी तसंच. हे मौन घरोघरी आहे, पण लोक ते हातवारे करत आणि 'मीठ' अशी खूण करत घालवतात. मीठ, पाव, सुरी, सगळं आधीच टेबलावर आणून ठेवा. मग त्या मिनिटात ओल्या बोटांखेरीज काही नसतं. पाहुणे असतील तर आधी सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी हसतं आणि मग सगळे हसतात. तेही चालतं.

शब्बाथला ध्यानाचं अ‍ॅप नको, घंटी नको, अनुभवांची वहीही नको. लिहिणं तसंही वर्ज्य आहे. किती वेळ बसलो हे कळणार नाही. कळायची गरजही नाही.

जाण्याआधी विचारा

इगतपुरीला १९७६पासून विपश्यनेची शिबिरं भरतात, आणि लष्करी सेवा संपवून भारतात आलेले कितीतरी इस्रायली तरुण तिथे बसून गेलेत. आपल्यातलेही जातात. जायचं तर एक माहीत असू द्या: त्या दहा दिवसांत कुठल्याही धर्माची प्रार्थना, जप, विधी बंद ठेवावे लागतात. तो त्यांच्या पद्धतीचा भाग आहे, लपवलेलं काही नाही. पण रोज प्रार्थनेला तेफिलीनच्या चामडी पेट्या बांधणाऱ्या, शब्बाथ पाळणाऱ्या माणसाने फॉर्म भरण्याआधी याचा निर्णय घ्यावा आणि आपल्या रब्बींना किंवा हाझ्झानना विचारावं; तिथे पोचल्यावर चोरून शेमा पुटपुटण्यात ना इकडचं साधतं ना तिकडचं. मी गेलो नाही. माझा एक चुलतभाऊ गेला, त्याला फार उपयोग झाला, आणि परत आल्यावर तो आधीपेक्षा नियमाने सिनेगॉगला येऊ लागला. दुसरी एक ओळखीची मुलगी गेली ती त्याच वाटेने पुढे गेली. जिथे मूर्तीपुढे वाकायला सांगतात तिथे आपलं 'नाही' नम्रपणे आणि आधीच सांगावं.

आणि मन आजारी असेल, रात्र रात्र झोप नसेल, जुना घाव गप्प बसलं की उसळून वर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. डोळे मिटून बसणं प्रत्येकाला प्रत्येक वेळी झेपत नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडायचा असतो, तिथे ध्यानाची काय कथा. अशा दिवसांत डोळे उघडे ठेवून चालणं, मेझुझा, चहाची ब्राखा एवढं पुरे.

शनिवारी तीन तारे दिसले की हावदाला, शब्बाथला निरोप. शरबताचा पेला, पीळ घातलेली मेणबत्ती, तिच्या उजेडात नखं पाहायची आणि मसाल्याचा वास घ्यायचा. आमच्याकडे डबीत लवंग असते. आठवडा परत सुरू होणार म्हणून मन जरा खचतं, त्याला हा वास आधार देतो असं म्हणतात. डबी फिरताना प्रत्येकाने एक पूर्ण श्वास घ्यावा, पुढच्याला ढोसू नये. मी त्यातल्या दोन लवंगा शर्टाच्या खिशात टाकतो. सोमवारी आठ-बावीसच्या लोकलमध्ये, मुलुंडच्या आसपास, चारी बाजूंनी दाबला गेलो की हात कसाबसा खिशापर्यंत जातो. पण मुद्दाम वास घ्यायचा म्हणजे पुन्हा ब्राखा आली. म्हणजे आधी एक श्वास, मग ब्राखा, मग लवंग.